आरशातली देवनागरी

रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारीचे कवच रंगवणे हा मराठीच्या प्राध्यापकांनी लिहिण्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. कारण हे काम अखेर लिपीपाशी येऊन थांबते.

छंद म्हणून जुळवल्या जाणाऱ्या अशा मोटारींचे कवच बहुधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे असते, आणि ते आतून रंगवायचे असते. बाहेरचा रंग धडकांनी खरवडला जातो. आतला प्लास्टिकच्या आड सुरक्षित राहतो. त्यामुळे सारा क्रमच उलटा होतो. कवच साबणाने धुऊन खिडक्यांवर चिकटपट्टी लावायची, गडद रंग आधी द्यायचे, फिके नंतर, आणि शेवटी पांढऱ्याचा थर; म्हणजे पिवळा-तांबडा उठून दिसतो. कागदावर चुकलेले वरून झाकता येते. येथे पहिलाच फटकारा कायम बाहेरून दिसत राहतो. महाराष्ट्रातली जुनी काचचित्रे याच रीतीने काचेच्या मागून रंगवलेली आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहावीत.

आता या कवचावर नाव घालायचे झाले, तर ते आरशातल्यासारखे काढावे लागते. काना अक्षराच्या डावीकडे जातो, ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे. ही दृष्टी मराठीला नवी नाही. जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तेथपासून खिळे जुळवणाऱ्या कितीतरी हातांनी उलटी देवनागरी सरावाने वाचली. आमच्या वाङ्मयेतिहासात लेखक आहेत, संपादक आहेत. हे वाचक मात्र नाहीत.

आमची तक्रार निराळी आहे. या मोटारींसोबत येणारी छापील चित्रपट्टी बहुधा रोमन लिपीतली, परदेशी टायर आणि तेलकंपन्यांच्या नावांची. आणि मुले ती मुकाट्याने चिकटवतात. याच मुलांच्या घरासमोर ऊसहंगामात उभ्या असणाऱ्या ट्रॉलीवर पेंटरने ठसठशीत देवनागरीत 'आईची कृपा' लिहिलेले असते. मोठ्या वाहनांवरच्या लेखनाला कायद्याची वेसण आहे. 'हॉर्न ओके प्लीज'वर राज्यात 2015 साली बंदी आली. 4141चे 'दादा' करणाऱ्या नंबरपाट्याही नियमबाह्यच. (त्या गेल्या तर आम्ही अश्रू ढाळणार नाही, पण अंकांतून अक्षर पाहणारी ती नजर काही सामान्य नव्हती.) खेळण्याला आरटीओ नाही. तेथे तरी उसनी नावे कशाला?

लिपी शिकवताना आम्ही ब्राह्मीपासूनचा प्रवास सांगतो आणि टिपणे उतरवून देतो. विद्यार्थ्यांच्या हाती एकदा पारदर्शक पत्रा आणि कुंचला द्यावा, एवढीच आमची सूचना आहे. 2024पासूनचे जिल्ह्याचे नाव, 'अहिल्यानगर', मागच्या बाजूने लिहायला सांगावे. पाटी डावीकडे 'र'ने सुरू होईल, आणि 'हि'ची वेलांटी कोठे बसते हे ठरवायला पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही हात क्षणभर हवेत धरावा लागेल.