चैत्रातली गौर आणि मिथिलेतली भिंत

आपल्याकडे घरात बसून देवादिकांची चित्रं काढणाऱ्या बायका किती असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही. होणं कठीणच आहे, कारण ही चित्रं भिंतीवर लागत नाहीत. ती कपाटात असतात, साड्यांच्या घडीखाली, मुलांच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर, लग्नपत्रिकेच्या पाठीमागे. कुणी पूजा आटोपली की रोज एक गणपती काढते, कुणी एकादशीला विठोबा, तर कुणी नवरात्रात देवीचे नऊ मुखवटे. चुकून पाहुण्यांच्या हाती एखादं चित्र लागलंच, तर उत्तर ठरलेलं : "छे हो, मी कुठली चित्रकार! आपलं सहज, देवासाठी."

हे "देवासाठी" खोटं नसतं. पण त्याच्या आडोशाला थोडी भीतीही लपलेली असते. कुणी हसेल, नाक वाकडं झालं म्हणेल, ही एक. आणि देवासाठी काढलेलं चार लोकांना दाखवलं तर त्यातली भक्ती जाऊन मिरवणं उरेल, ही दुसरी. पहिल्या भीतीला फारसं औषध नाही. नाक वाकडं झालं असेल तर ते वाकडंच दिसणार. दुसरी मात्र नीट तपासून पाहिली पाहिजे. कारण आपल्या आज्या-पणज्यांना ती नव्हती. त्यांनी देवासाठी काढलेलं चित्र गावभर दाखवण्याची रीतसर सोय करून ठेवली होती. तिचं नाव चैत्रगौरीचं हळदीकुंकू.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, माहेरपण भोगते. या महिन्यात अंगण शेणानं सारवून त्यावर चैत्रांगण रेखायचं. वर तोरण, त्याखाली झोपाळ्यातली गौर. भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, सूर्य-चंद्र, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कामधेनू, नाग, कासव, अंबारीचा हत्ती. देवांची आयुधं झाली की बायकांच्या वस्तू येतात. फणी, आरसा, हळदीकुंकवाचे करंडे, मंगळसूत्र. मला चैत्रांगणातलं हेच सर्वांत आवडतं. विष्णूच्या गदेशेजारी फणी काढताना कुणाचाही हात थबकत नाही. चिन्हं किती, याचा आकडा घरोघरी वेगळा. एक्कावन्न म्हणणाऱ्या आहेत, चौसष्ट म्हणणाऱ्या आहेत आणि "आमच्याकडे एवढीच काढतात" असं ठासून सांगणाऱ्याही आहेत.

मग सोयीचा दिवस पाहून, बहुधा मंगळवार किंवा शुक्रवार, हळदीकुंकू. आळीतल्या बायका येणार, आंब्याची डाळ आणि पन्हं घेणार, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरून घेणार आणि निघता निघता अंगणात उभ्या राहून चैत्रांगण नुसतं पाहणार नाहीत, वाचणार. कुणाचा हत्ती डौलदार, कुणाचं कासव नुसतंच वाटोळं, कुणाकडे पालखी जास्तीची. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी आपल्या अंगणात ती पालखी उतरायची. तिला कुणी चोरी म्हटलं नाही. उलट "तुमची पालखी घेतली हो मी" असं कौतुकानं सांगायची पद्धत होती. शाळा नाही, वर्ग नाही, पुस्तक नाही. हे सगळं चित्रशास्त्र एका अंगणातून दुसऱ्या अंगणात असंच बघून बघून गेलं. गौर घरच्या सगळ्यांना आत बसून पावली असती, तरी चैत्रांगण एका पिढीत विसरलं गेलं असतं. ते टिकलं ते दाखवल्यामुळे.

आता थोडं लांब जाऊ, बिहारातल्या मधुबनीला. कारण देवघरातलं चित्र बाहेर न्यायचं की नाही, हा प्रश्न तिथल्या बायकांपुढे फार मोठा होऊन उभा राहिला होता आणि तो घेऊन जाणारा माणूस मराठी होता.

मिथिला ही जानकीची भूमी. तिथे लग्नघरातल्या एका खोलीच्या भिंतीवर कोहबर रंगवतात. नवं जोडपं लग्नानंतरचे पहिले दिवस त्या खोलीत काढतं. मधोमध कमळाची वर्तुळं, त्यांतून उभा गेलेला बांबू, भोवती मासे, पोपटांची जोडी, कासव, सूर्य-चंद्र आणि गौरीची पूजा करणारी नवरी. गौर, कासव, सूर्य-चंद्र ही आपल्याच चैत्रांगणातली मंडळी तिथल्या भिंतीवर भेटली की मौज वाटते. जमिनीवर तांदळाच्या पिठाची पातळ पेज करून बोटांनी काढतात ते अरिपन. तेही आपल्या रांगोळीचं बहीणभावंडच. रंग घरचे. काजळी, हळद, कुसुंबीची फुलं, शेंदूर. घरातली जाणती बाई बाह्यरेषा ओढणार आणि मुली-सुना त्यात रंग भरणार. सही कुणाचीच नसे. कोहबर एकीचं नव्हे, घराचं असे.

ही चित्रं बाहेरच्या जगानं पाहिली ती एका आपत्तीमुळे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात मिथिलेतली घरंच्या घरं कोसळली. डब्ल्यू. जी. आर्चर नावाचे इंग्रज अधिकारी नुकसानीची पाहणी करत फिरत असताना पडक्या भिंतींच्या आतली चित्रं उघडी पडलेली त्यांना दिसली. त्यांनी छायाचित्रं घेतली आणि पुढे १९४९ साली मुंबईच्या 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. पण चित्रं भिंतीवरच राहिली.

दुसरी आपत्ती दुष्काळाची. १९६६-६७ मध्ये बिहार होरपळून निघाला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठवलं. बरोबर कागद होता. काम सांगायला सोपं होतं. भिंतीवर काढता ते कागदावर काढा, आम्ही विकत घेऊ, चूल पेटेल. करायला मात्र अवघड. कोहबरची भिंत म्हणजे लग्नाचा संस्कार. परका पुरुष येतो आणि तोच संस्कार कागदावर उतरवून पैसे घ्या म्हणतो! सुरुवातीला मोजक्याच बायका पुढे आल्या. जितवारपूर आणि रांटी या गावांची नावं नंतर जगभर गेली, ती या मोजक्या बायकांमुळे. जितवारपूरच्या जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ मध्ये, तर गंगा देवींना १९८४ मध्ये. पुढे पद्मश्री मिळालेल्या बउआ देवींचं काम तर १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात जाऊन आलं. कागदावर आल्याबरोबर सही आली, कारण विकत घेणारा विचारतो, कुणी काढलं? घराच्या चित्राला बाईचं नाव मिळालं. (हेच कुलकर्णी पुढे आपल्या डहाणूकडे वळले आणि वारली चित्रांच्या बाबतीतही त्यांनी असंच काम केलं. जिव्या सोमा मशे यांचं नाव त्यातूनच पुढे आलं. महाराष्ट्रात या माणसाचं नाव जेवढं घेतलं जायला हवं तेवढं घेतलं जात नाही, हे जाता जाता.)

बाजारात गेल्यावर भक्ती उरली का, असं कुणी विचारेल. सगळीकडे उरली नाही, हे उघड आहे. खपतं तेच पुन्हा पुन्हा काढायचं, झटपट काढायचं, हे तिथेही झालं आणि आज पिशव्यांवर व पडद्यांवर यंत्रानं छापलेले मधुबनी मासे पाहिले की जीव उबगतो. पण तेवढ्यावरून निकाल देणं घाईचं होईल. गंगा देवींचंच पाहा. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, संसार मोडला. कागद हाती आला तेव्हा त्यांनी रामायणाची मालिका काढली, माणसाच्या जन्मापासूनचं आयुष्य काढलं आणि शेवटच्या काळात कर्करोगाचे उपचार चालू असताना रुग्णालयही चित्रात आणलं. कोहबरच्या रेषेनंच. ती रेषा भिंतीवरच राहिली असती, तर एवढं दुःख तिनं कुठे ठेवलं असतं?

या गंगा देवींनी दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात भिंतीवर एक अख्खं कोहबर रंगवलं होतं. १९९१ साली त्या गेल्या. २०१५ मध्ये नूतनीकरणाच्या कामात ते कोहबर नष्ट झाल्याचं उघडकीस आलं आणि कलाप्रेमी हळहळले. हळहळ रास्तच आहे. पण गंमत अशी की मिथिलेत कोहबर पुसलं जाण्याचं दुःख कुणी करत नाही. भिंत पुन्हा लिंपली जाते, पुढच्या लग्नाला ते पुन्हा निघतं, कारण काढणारा हात घरात असतो. दिल्लीच्या भिंतीमागे तसा हात नव्हता. आपलं चैत्रांगणही रोज पुसून रोज काढायचं. पुसण्याची भीती तेव्हा वाटते, जेव्हा पुन्हा काढणारं कुणी उरलेलं नसतं.

म्हणून दाखवायचं की नाही, हा प्रश्न माझ्या मते सुटलेला आहे. खरा प्रश्न पुढचा आहे, कुणाला दाखवायचं? अंगणात कुणाला येऊ द्यायचं?

रांटीच्या दुलारी देवींची हकिगत इथे सांगितलीच पाहिजे. मल्लाह, म्हणजे कोळी-नावाडी समाजातल्या गरीब घरचा जन्म. लहानपणी लग्न झालं, मोडलं. महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी या नामांकित चित्रकार जावांच्या घरी त्या धुण्याभांड्याचं काम करू लागल्या. काम करता करता बघत राहिल्या आणि त्या घरानं त्यांना नुसतं बघू दिलं नाही, हातात कुंचलाही दिला. २०२१ साली दुलारी देवी पद्मश्री झाल्या. २०२५ चा केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जी साडी नेसली होती, तिच्यावरचं काम त्यांचंच होतं. मिथिला चित्रं आधी ब्राह्मण आणि कायस्थ घरांतली म्हणून ओळखली जात. नंतर दुसाध समाजातल्या कलावंतांनी गोंदणाच्या नक्षीतून आणि राजा सलहेसच्या कथांतून आपली वेगळी शैली उभी केली. त्यांच्यातल्या शांती देवी आणि शिवन पासवान या पती-पत्नींना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. दारं बंद राहिली असती, तर आज तिथे काय असतं?

आता आपल्या हळदीकुंकवाकडे वळा. चैत्रांगण पाहायला कोण येतं? सवाष्णी. आणि ज्या घरात ते निघतं, त्याच घरात ते सर्वांत चांगलं जाणणारी आत्या किंवा आजी माजघरात बसून आंब्याच्या डाळीसाठी कैऱ्या किसत असते, कारण तिचं कुंकू गेलेलं. साठ वर्षं रेखलेला हात, एका दिवसात अंगणाबाहेर. किती कासवं आणि किती पालख्या अशा माजघरात बसून राहिल्या आणि तिथेच संपल्या! घरच्या मोलकरणीचं तेच. अंगण सारवायला ती, रेखायला मात्र आपण. हे गौरीनं सांगितलेलं नाही. ती तर सगळ्यांची माहेरवाशीण. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडण्या-कुंकू पुसण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव ग्रामपंचायत करू शकते. हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र घरच्या बाईलाच करावं लागतं.

जाता जाता रांगोळी स्पर्धांबद्दल. त्या असाव्यात, तरुण मुली त्यातून पुढे येतात. फक्त तिथे बायका एकमेकींची रांगोळी पाहतात ती परीक्षकाच्या नजरेनं. "तुमची पालखी घेतली हो मी" हे वाक्य तिथे उच्चारता येत नाही. देवाच्या चित्रांची आवड असलेल्या चार-सहाजणींनी महिन्यातून एकदा जमायचं ठरवलं, तर बक्षिसाची भानगड न ठेवलेली बरी. भजनी मंडळात ज्या बाईचा आवाज बेताचा, तिलाही टाळ मिळतोच की.

आणि फ्लॅटमध्ये अंगण नाही ही तक्रार आता पुरे. एखादी प्लायवुडची फळी घ्या, गेरूनं सारवा, वाळू द्या. तिच्यावर पांढरी रांगोळी छान उठून दिसते आणि फळी उचलून देव्हाऱ्यापुढून दारात, दारातून शेजारी नेता येते. बंगळूर, इंदूर, बडोदा, कुठेही असा. सुरुवात तोरणापासून करा, म्हणजे झोपाळ्याला जागा नीट राहते. गौर मधोमध आली की बाकीची चिन्हं आपोआप आपल्या जागा धरतात. शेजारची तमिळ मामी कोलम घेऊन येईल, बंगाली बौदी आल्पना. त्यांतलं काही तुमच्या चैत्रांगणात शिरलं तर शिरू द्या.

कपाटातली ती चित्रंही याच निमित्तानं बाहेर काढा. गौरीच्या आराशीत मागच्या बाजूला लावली तरी चालतील. आणि यंदा पहिली रेघ ओढायला माजघरातल्या आत्याबाईंना बोलवा. "मला कशाला?" असं त्या दोनदा म्हणतील. तिसऱ्यांदा विचारा. अक्षय्य तृतीयेला गौरीची बोळवण होते, तोवर महिनाभर वेळ आहे.