ओझे कमी करणारेच प्रकरण वगळले

अभ्यासाचा भार हलका करण्यासाठी एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण वगळले. २०२३च्या पुस्तकात ते नाही. अकरावीत ते आहे, हे खरे. पण केवळ रसायनशास्त्र निवडणाऱ्यांसाठी. बाकीच्या मुलांचा विज्ञानाशी औपचारिक संबंध दहावीतच संपतो.

भौतिकशास्त्राचा संशोधक म्हणून माझा आक्षेप मूलभूत आहे. आवर्तसारणी हे पाठांतराचे ओझे नव्हे. ते पाठांतर टाळण्याचे साधन आहे. सोडियमचा अणुक्रमांक ११, पोटॅशियमचा १९. दोहोंच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून दोन्ही पाण्याशी जोमाने अभिक्रिया करतात. हे एक कारण उमगले की शंभर तथ्ये घोकावी लागत नाहीत.

मेंडेलीव्हने १८६९मध्ये मांडलेल्या सारणीत रिकाम्या जागा सोडल्या, आणि त्यांतील अज्ञात मूलद्रव्यांना संस्कृतमधील ‘एक’ हा उपसर्ग लावला. त्याचे ‘एका-ॲल्युमिनियम’ १८७५मध्ये गॅलियम म्हणून सापडले, ‘एका-सिलिकॉन’ १८८६मध्ये जर्मेनियम म्हणून. केंद्र सरकारने २०२३मध्ये जाहीर केलेल्या ३० अत्यावश्यक खनिजांच्या यादीत ही दोन्ही आहेत. ज्या वर्षी राष्ट्राला या मूलद्रव्यांचे महत्त्व कळले, त्याच वर्षी त्यांचा नकाशा मुलांच्या हातून काढून घेतला गेला!

नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार पाठ्यपुस्तके नव्याने लिहिली जात आहेत. ही सारणी दहावीपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला भेटलीच पाहिजे. भार कमी करायचा असेल, तर तो घोकंपट्टीचा करावा, आकलनाचा नव्हे.