मैदानावरची पोरं

परभणीत पहाटे साडेपाचला कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं चालून बघा. घामानं चिकटलेले बनियन, झिजलेले बूट, मुठीत मोबाइलचं स्टॉपवॉच. हीच पोरं दहा वाजता कॉलेजच्या कट्ट्यावर खळखळून हसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून चहा पाजतात. तेवढ्यावरून आपण त्यांच्या कपाळावर शिक्का मारतो: अंगानं आडदांड, अभ्यासात ढ, भांडणात पुढे. प्राध्यापक मारतात, नातेवाईक मारतात, मुलगी दाखवायची वेळ आली की सोयरेही मारतात. मला हा उघड अन्याय वाटतो.

पैलवान खाशाबा जाधव असंच मैदानावरचं पोर, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवलं. मैदानावरच्या पोरावर मास्तरानं एवढा जीव टाकला. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं.

आज आपल्याकडच्या पोरांचं हेलसिंकी म्हणजे बहुतेकदा पोलीस भरती. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी मात्र १०० ची. कोरडवाहू शेतीवर घर चालेना म्हणून ती दोन्हींसाठी झिजतात. परवा रस्त्याकडेला एकाची वही पाहिली. मागच्या पानांवर १६०० मीटरच्या रोजच्या वेळा, तारखेसकट. पुढच्या पानांवर समास, विग्रहासह, सुबक अक्षरात.