स्क्रू ड्रायव्हर पुरेनासा झालाय

"तू कॉम्प्युटर इंजिनिअर ना? मग जरा आमचा प्रिंटर बघ की." हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं ऐकतोय. सांगलीच्या काकांकडून, पुण्याच्या मावसबहिणीकडून आणि आता इथे इंग्लंडमध्ये शेजारच्या घरातूनही. पदवीच्या चार वर्षांत प्रिंटर आम्हाला कुणी शिकवला नाही, हे सांगून काही उपयोग नसतो. खरं सांगायचं तर प्रिंटर मला आजही कळत नाही. कागद अडकला की मीही इतरांसारखाच त्याला दोन चापट्या मारतो. पण बाकी जे उघडता येईल ते उघडून बघायची खोड मात्र जुनी आहे.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला २००४ साली. असेंबल केलेला, पेंटियम ४, २५६ एमबी रॅम, टेबल वाकेल एवढा जड मॉनिटर. पहिल्याच पावसाळ्यात तो सुरू होईना, नुसता बीप बीप करून गप्प बसायचा. दुकानातला माणूस आला. कॅबिनेटचा पत्रा काढला, रॅमची पट्टी उपसली, खिशातून शाळेतलं असतं तसलं खोडरबर काढलं आणि पट्टीच्या सोनेरी कडा घासल्या. पट्टी परत बसवली, बटण दाबलं, चालू! दीडशे रुपये. बाबा त्या दीडशे रुपयांकडे बघत होते आणि मी खोडरबराकडे.

पुढे पुण्यात हॉस्टेलवर असताना मित्राच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोकी फुगवून बसले. त्या काळात हे फार व्हायचं, आतला द्रवच निकृष्ट असायचा. तापकीर गल्लीत जाऊन कपॅसिटर आणले, सोल्डरिंग आयर्न उसनं आणलं, टेबल थोडं जाळलं, पण मशीन चाललं. पदवीच्या प्रोजेक्टपेक्षा मला त्या दुरुस्तीचाच अभिमान जास्त वाटला होता. यंत्र बिघडलं तर कारण शोधायचं, भाग मिळवायचा, बसवायचा. माझ्या डोक्यात दुरुस्ती म्हणजे एवढंच होतं.

आता मी रेडिंगजवळच्या एका छोट्या गावात राहतो आणि महिन्यातून एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या 'रिपेअर कॅफे'त बसतो. ही कल्पना मूळची नेदरलँड्सची, पहिला रिपेअर कॅफे २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये भरला. लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या, हौशी मंडळींनी त्या फुकट दुरुस्त करायच्या, मध्ये चहा आणि केक. एका टेबलावर एक बाई कोटाच्या चेन बदलतात, दुसऱ्यावर एक निवृत्त इलेक्ट्रिशियन आजोबा टोस्टर आणि दिवे बघतात, आणि खिडकीजवळच्या टेबलावर मी, लॅपटॉप घेऊन. बायको म्हणते, "आठवडाभर स्क्रीनसमोर असतोस ते पुरत नाही का रे?" आमच्या गॅरेजचं भंगाराचं दुकान झालंय हा तिचा दुसरा मुद्दा. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तर या टेबलावरचे त्रास. स्क्रूंचे आकार दर कंपनीचे वेगळे, म्हणून बिट्सचा एक डबाच बाळगावा लागतो. बॅटऱ्या डिंकाने चिकटवलेल्या. त्यातली एखादी पापडासारखी फुगलेली निघाली की आम्ही हात लावत नाही, बाहेर वाळूच्या बादलीत. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे खोडरबराचे दिवस गेलेच. आणि शेवटी सगळं जोडून झाल्यावर टेबलावर उरणारा तो एक स्क्रू! पण हे सगळं मी हसत सहन करतो. हे यांत्रिक त्रास आहेत, हाताने आणि संयमाने सुटतात. चिडचिड होते ती वेगळ्याच गोष्टीने, आणि ती नेमकी कशाने होते हे मला गेल्या महिन्यात नीट कळलं.

सत्तरीच्या एक बाई नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन आल्या. नवरा वर्षापूर्वी वारला. लॅपटॉप चार-पाच वर्षांचा, अचानक बंद पडलेला. आत त्यांच्या सगळ्या प्रवासांचे फोटो, आणि नवरा नातवंडांसाठी स्वतःच्या लहानपणीच्या आठवणी लिहीत होता, त्या. दुकानात म्हणाले, बोर्ड गेला, नवा घ्या. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू म्हटलं, तर डिस्क म्हणून वेगळी वस्तूच नाही, तिच्या चिप्सही बोर्डवरच. मी तो घरी आणला. दोन रात्री मीटर घेऊन बसलो. पुरवठ्याच्या एका लाइनवर शॉर्ट होता. बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतायचं, त्या लाइनला बाहेरून थोडासा व्होल्टेज द्यायचा आणि अल्कोहोल सगळ्यात आधी कुठे सुकतं ते बघायचं, अशी एक युक्ती आहे. जिथे सुकतं तिथे भाग तापतोय. मोहरीपेक्षा लहान कपॅसिटर होता. तसे शेजारी शेजारी बरेच असतात, एक काढला तरी चालतं. काढला. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. रात्री पावणेबारा वाजता मी किचनमध्ये एकटाच नाचलो.

आणि पडद्यावर निळ्या चौकटीत प्रश्न आला: ४८ आकडी रिकव्हरी की टाका.

मधल्या काळात बॅटरी काढून ठेवली होती, बहुतेक त्यामुळे आतल्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या. मशीनला वाटलं, कुणीतरी छेडछाड केलीय. माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद. किल्ली नवऱ्याच्या ऑनलाइन खात्यात, आणि त्या खात्याचा पासवर्ड नवऱ्याबरोबर गेला. बाईंना मी फोनवर सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पण लॅपटॉप तर आमचाच आहे ना?"

या प्रश्नापाशी मी अजून अडकलोय. कारण ते कुलूप ज्यांनी बनवलं ती माणसं माझ्याच धंद्यातली. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना 'पुढे', 'पुढे', 'पुढे' दाबत जाताना एन्क्रिप्शन कधी चालू झालं हे त्या गृहस्थांना कळलंही नसेल. त्या पानांवर कुणी ठळकपणे लिहिलं नव्हतं की ही किल्ली कागदावर लिहून ठेवा, तुमच्या बायकोला सांगा. मीही अशी पानं बनवली आहेत. वापरणाऱ्याला अडवू नका, चार पायऱ्यांच्या तीन करा, असंच आम्हाला सांगतात.

म्हणून माझं म्हणणं असं की दुरुस्तीची लढाई आता स्क्रू आणि डिंकाची उरलेली नाही. जगभर 'राईट टू रिपेअर'ची चर्चा चालते ती सुट्या भागांची आणि मॅन्युअलची. ती हवीच. पण आजची बरीच यंत्रं हार्डवेअरने मरत नाहीत, सॉफ्टवेअर त्यांना मेलेलं ठरवतं. पडदा किंवा बॅटरी बदलली तरी बोर्ड तिचा नंबर तपासतो आणि कंपनीच्या प्रणालीने मान्यता दिल्याशिवाय नीट चालू देत नाही, असे प्रकार आता सर्रास आहेत. म्हणजे भाग अस्सल, जोडणी अचूक, तरी नापास. खोडरबरवाल्या माणसाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता.

सांगलीला बाबांकडे असलेला लॅपटॉप २०१६ चा. किबोर्डवरची अक्षरं पुसट झालीयत, बाकी ठणठणीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. मुदतवाढीची सोय आहे, पण वर्षभराचीच. आणि त्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. एका तारखेने धडधाकट मशीन म्हातारं झालं. मी दिवाळीत गेलो तेव्हा त्यावर लिनक्स मिंट टाकून आलो. बँक चालते, ई-पेपर चालतो, मराठी टायपिंग चालतं. बाबांची एकच तक्रार, "माझा पत्त्यांचा डाव कुठे गेला?" तोही शोधून दिला. पण ज्यांचा मुलगा हे करायला येणार नाही त्यांनी काय करायचं? दुकानदार नवा लॅपटॉपच दाखवणार.

आता स्वतःबद्दलही सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या टीमच्या मीटिंगमध्ये आमचं ॲप जुन्या टॅब्लेटवर चालू ठेवायचं की नाही हा विषय होता. वापरणारे थोडेच होते, टेस्टिंगचा वेळ मात्र बराच जायचा. बंद करायचं ठरलं. हात वर करणाऱ्यांत मी होतो. पाच मिनिटांत विषय संपला. पुढे एका शनिवारी एक आजोबा टॅब्लेट घेऊन आले. काच शाबूत, बॅटरी चांगली, आणि त्यांच्या बँकेचं ॲप म्हणत होतं, 'हे उपकरण आता चालणार नाही'. ॲप आमचं नव्हतं, पण ते वाक्य आमच्याही ॲपमध्ये जवळपास असंच आहे. माझ्याकडे त्यांना देण्यासारखं काही नव्हतं. चहा आणून दिला.

दुसरी बाजू मला ठाऊक आहे, रोज जगतो मी ती. जुनं सॉफ्टवेअर सांभाळणं महाग असतं आणि त्यातल्या फटी चोरांना सापडतात. लॅपटॉप ट्रेनमध्ये राहिला तर एन्क्रिप्शनच तुम्हाला वाचवतं, मी माझ्या मशीनवर ते बंद करणार नाही. भागांचे नंबर तपासल्याने चोरीच्या फोनचे सुटे भाग विकणं अवघड होतं, हेही खरं. पण घराला कुलूप लावणं वेगळं आणि घरमालकाला किल्ली कुठे आहे ते न सांगणं वेगळं. यंत्र विकताना खोक्यावर वर्ष छापा, अमुक सालापर्यंत अपडेट मिळतील. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, पन्नास हजारांच्या लॅपटॉपवर का नको? किल्ली पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून घ्यायला लावा, त्यासाठी एक पायरी वाढली तर वाढू दे. आणि कंपनीला सपोर्ट द्यायचा नसेल तर निदान दुसरं सॉफ्टवेअर टाकायची वाट मोकळी ठेवा.

कायदे थोडेफार हलतायत. इथे ब्रिटनमध्ये १ जुलै २०२१ पासूनचा नियम वॉशिंग मशीन, डिशवॉशर, फ्रिज आणि टीव्हीच्या सुट्या भागांसाठी आहे, लॅपटॉप आणि फोन त्यात नाहीत. म्हणजे आमच्या टेबलावर येणारं जवळपास काहीच नाही. युरोपियन युनियनने जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटसाठी विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेटची अट घातली, लॅपटॉप तिथेही बाहेरच. भागांच्या त्या नंबरतपासणीला अमेरिकेत ओरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्याने आळा घातला. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. भारतात तर हे सोपं जायला हवं, आपल्याकडे दुरुस्त करणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. तापकीर गल्लीतल्या पोराला बोर्ड कळतो, हातही स्थिर असतो. त्याच्याकडे नाही ती फक्त कंपनीची परवानगी.

आमच्या ऑफिसात पुढच्या महिन्यात पुन्हा तशीच मीटिंग आहे, आणखी एक जुनी आवृत्ती बंद करायची. या वेळी मी हात वर करणार नाही म्हटलं, तर मॅनेजर म्हणाला, "मग टेस्टिंग कोण करणार?" म्हटलं, मी करतो. बघू किती दिवस जमतंय.

त्या बाईंचा लॅपटॉप अजून आमच्या किचनच्या कपाटावर आहे. परवा त्यांचा फोन आला. नवऱ्याच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडलाय, आत पासवर्ड लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत म्हणे, बऱ्याच खोडलेल्या. त्यातला एखादा त्या खात्याचा निघाला तर किल्ली मिळेल. शनिवारी डबा घेऊन येतायत.