गावचं पाणी

‘चायनीज’ म्हटलं की आपल्याकडे लाल कंदील, सोनेरी ड्रॅगन आणि टेबलावर शेजवान सॉसची बाटली! जबलपूरच्या विजय नगरात जा नाहीतर दादरला, सजावट ठरलेली. खुद्द चीनमध्ये मात्र एका पंचतारांकित हॉटेलाला चिनी रूप द्यायची वेळ आली, तेव्हा सारी भिस्त ठेवली गेली पाण्यावर.

हे हॉटेल ग्वांगजो शहरातलं ‘व्हाइट स्वॅन’. ग्वांगजो म्हणजे जुनं कँटन. मुंबईला हे नाव परकं नाही. जमशेटजी जीजीभॉयांसारखे व्यापारी इथल्याच व्यापारात गब्बर झाले. (त्यात अफूही होती, हे सांगायचं बहुधा राहून जातं.) पारशिणींच्या ‘गारा’ साडीवरचं नाजूक भरतकाम आलं तेही इकडूनच. अफूच्या दुसऱ्या युद्धानंतर इंग्रज-फ्रेंचांनी शहरालगतचं शामियान बेट आपल्या वस्तीसाठी घेतलं. त्याच बेटाच्या काठी, पर्ल नदीला लागून, १९८३च्या फेब्रुवारीत हे तीसहून अधिक मजल्यांचं पांढरंशुभ्र हॉटेल सुरू झालं.

भांडवल घातलं हाँगकाँगचे उद्योगपती हेन्री फोक यांनी. आराखडा मात्र ग्वांगजोच्याच शे जुननान आणि मो बोझी या वास्तुविशारदांचा. दक्षिण चीनची हवा मुंबईसारखीच, दमट. त्यामुळे तिथल्या जुन्या वाड्यांत घर आणि बाग वेगळी नसायची. खोलीतून उठलं की पाण्याकाठी. या दोघांनी तीच बाग एअरकंडिशन्ड हॉटेलच्या पोटात आणली. तीन मजली उंच दालन, मधोमध खडकांचा डोंगर, डोंगरावर सोनेरी छपराची छत्री, तिथून कोसळणारा धबधबा आणि खालच्या तळ्यात मासे. समोरच्या भल्यामोठ्या काचांतून नदी आणि तिच्यावरच्या होड्या. खडकावर तीन अक्षरं कोरली, ‘गू शियांग श्वेई’. म्हणजे, आपल्या गावचं पाणी.

हे शब्द होते परदेशी गेलेल्या चिन्यांसाठी. पोटासाठी याच प्रांतातून लाखो माणसं बाहेर गेली होती. चीनचे दरवाजे उघडल्यावर ती परतू लागली, तेव्हा गावच्या पाण्यानं त्यांचं स्वागत व्हावं हा हेतू.

फोकसाहेबांचा आणखी एक आग्रह होता. तोवर अशा हॉटेलांत सामान्य चिनी माणसाला मज्जाव असे. ‘व्हाइट स्वॅन’चं दार सगळ्यांना उघडं राहील, असं त्यांनी ठरवलं. मग काय, अख्खं शहर लोटलं! रेटारेटीत लोकांच्या चपला निसटून पडायच्या आणि स्वच्छतागृहातले कागदाचे रोल बघता बघता गायब व्हायचे. तरी दार बंद केलं नाही. हॉटेलच्या साऱ्या थाटामाटात ही गोष्ट सर्वांत मोलाची.

गावचं पाणी परतणाऱ्यांसाठी होतं खरं, पण पुढे तिथून निघून जाणाऱ्यांचीच रीघ लागली. १९९२पासून चिनी अनाथ मुलं परदेशात दत्तक जाऊ लागली. त्यात बहुतेक मुलीच. एकच मूल असा सरकारी दंडक, आणि घराण्याला मुलगा हवा! आपण नाकं मुरडायला नको. २०११ साली एकट्या सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींना नवी नावं द्यावी लागली. अमेरिकेचा व्हिसा ग्वांगजोतच मिळे आणि वकिलातही शामियानवरच. त्यामुळे दत्तक घेणारी जोडपी मुक्काम करत ‘व्हाइट स्वॅन’मध्ये. निघण्याआधी साऱ्या बाळांना लाल सोफ्यावर ओळीनं बसवून फोटो काढायचा, हा रिवाजच पडला. एकीचा भोंगा सुरू झाला की सगळ्यांचा! हॉटेलकडून आईबापांना एक बार्बी भेट मिळे, सोनेरी केसांची, कडेवर चिनी बाळ घेतलेली.

सुमारे ८२ हजार मुलं अशी अमेरिकेत गेली. सप्टेंबर २०२४मध्ये चीननं जवळचे नातेवाईक वगळता परदेशी दत्तक देणं बंद केलं. हॉटेल २०१२ ते २०१५ दुरुस्तीसाठी बंद होतं. धबधबा मात्र त्यांनी राखला. सोफ्यावरच्या त्या मुली आता मोठ्या झाल्यात. काही जणी अमेरिकन आईवडिलांना घेऊन ग्वांगजोला येतात, फोटोतली जागा शोधतात. धबधब्यापाशीही थांबतात. खडकावर काय लिहिलंय, ते त्यांतल्या अनेकींना वाचता येत नाही. गाइडला विचारावं लागतं.