सीट मिळाली, खोली?

दहिसरचा चेकनाका ओलांडला की दोन गोष्टी एकदम खाली येतात. एक घरभाडं आणि दुसरी, नातेवाइकांच्या आवाजातलं कौतुक. ‘अय्या, मीरा रोडला राहतेस?’ हे ऐकलं नाही असं आपल्यात कोण आहे? (२०२४च्या ऑक्टोबरपासून छोट्या गाड्यांना नाक्यावर टोल नाही, पण तो ‘अय्या’ अजून माफ झालेला नाही.) पण बॉस, गावाकडून मुंबईत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या कितीतरी पोरापोरींची पहिली खोली याच पट्ट्यात असते. मीरा-भाईंदर म्हणजे मुंबईचं न बांधलेलं हॉस्टेल. वन-बीएचकेत चौघं, एक गीझर, फ्रिजवर नावं लिहिलेले डबे. सगळं सेम टू सेम.

या हॉस्टेलात बॅचलर म्हणून नाक मुरडत का होईना, पण घेतात. कुबड्या घेऊन कुणी आलं तर काय होतं, ते मी मागच्या जूनमध्ये बघितलं.

माझा मावसभाऊ. चिपळूणचा, वय १९, डोकं माझ्या दुप्पट. घरात कुबड्या, लांबच्या अंतराला व्हीलचेअर. पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात त्याला अ‍ॅडमिशन मिळाली, मावशीने पेढे वाटले. मग कळलं की कॉलेजच्या हॉस्टेलात तळमजल्यावर ऑफिस आणि मेस, खोल्या दुसऱ्या मजल्यापासून, लिफ्ट नाही. क्लार्क अगदी गोड बोलला, ‘नावावर बेड देतो हो, पण चढणार कसा?’ मावशीचा प्लॅन बी तयार होता, ‘तुझ्याकडेच ठेव की त्याला.’ मी तीन मुलींबरोबर शेअरिंगमध्ये राहते. प्लॅन बी जागच्या जागी बाद.

मग आम्ही दोघं, एक ब्रोकर आणि एक मेजरिंग टेप. टेपची आयडिया भावाची. मला वाटलं होतं उगाच शायनिंग मारतोय. दुसऱ्याच फ्लॅटला फंडा क्लिअर झाला. त्याची व्हीलचेअर २६ इंची आणि बाथरूमचं दार २४ इंची. आता काय बोलणार? शांती नगरकडच्या जुन्या चार मजली बिल्डिंगांमध्ये लिफ्टच नाही, म्हणून आम्ही नव्या टॉवरकडे वळलो. तिथं लिफ्ट होती, चकाचक, आरशासकट. फक्त लिफ्टपर्यंत जायला पाच पायऱ्या. एका मालकाने विचारलं, ‘पडला-बिडला तर जबाबदारी कुणाची?’ दुसऱ्याने त्याच्याकडे न बघता मला विचारलं, ‘याच्यासोबत कोण राहणार?’ एका काकूंनी डोळ्यांत पाणी आणलं, ‘बिचारा’ म्हणाल्या, चहा पाजला आणि खोली दिली नाही. खाली आल्यावर भाऊ म्हणाला, ‘ताई, चहा सगळीकडे मिळतोय गं. आजचा हा सहावा.’

तेव्हापासून मी कायदा वाचतेय. (हो, ऑफिसच्या वेळेत.) २०१६चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७मध्ये लागू झाला. आधीच्या १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता २१ आहेत. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव. शिवाय कॉलेजने इमारत आणि आवार सगळ्यांना वापरता येईल असं करायचं आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार ‘वाजवी सोय’ करून द्यायची. यात न्यायाधीश होण्याइतकं कठीण काही नाहीये. ऑफिसमधली दोन टेबलं वर हलवली की तळमजल्यावर एक खोली रिकामी होते. भाऊ चढू शकत नाही, फायली चढू शकतात! क्लार्कला हे सुचलं नाही, कारण त्याच्या लेखी सोय म्हणजे उपकार होता.

आणि अंमलबजावणी? जिथं लोकांची ये-जा आहे अशा जुन्या इमारती, सरकारी असोत की खासगी, पाच वर्षांत सुधारायच्या होत्या. नियम जून २०१७चे, म्हणजे मुदत २०२२मध्येच संपली. मग नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नियमांतले निकष नुसत्या शिफारशींसारखे आहेत, कायद्याला ते चालत नाही, तीन महिन्यांत सक्तीचे निकष करा. म्हणजे इतकी वर्षं सगळं ‘जमलं तर बघा’ टाइप चाललं होतं.

पण माझी खरी खटकलेली गोष्ट वेगळी आहे. हा सगळा कायदा कॉलेजच्या गेटपर्यंत येतो. गेटबाहेर, जिथं पोरगं झोपणार, अंघोळ करणार, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणार, तिथं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, ब्रोकर आणि मालकाचा मूड. सीट राखीव आहे, कॉट नाही. पैशांची एक मदत आहे, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना. मुंबई-ठाण्यासारख्या शहरांत तिचे वर्षाला ६० हजार ठरले होते, त्यात राहण्याचे २० हजार. महिन्याला किती होतात, ते तुम्हीच काढा आणि तेवढ्यात मीरा रोडला काय मिळतं तेही सांगा. त्यात दिव्यांगांसाठी ३ टक्के जागा आहेत. भाऊ त्या प्रवर्गात नाही, म्हणजे तोही दरवाजा बंद.

नुसत्या खोलीने केवढा फरक पडतो याची माझी फेवरिट स्टोरी अमेरिकेतली आहे. १९६२मध्ये एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ लुळा, झोपायला ‘आयर्न लंग’ नावाचं ८०० पौंडांचं श्वासाचं यंत्र. होस्टेलच्या जमिनीला ते वजन झेपेना. मग विद्यापीठाने त्याला आवारातल्या कॉवेल हॉस्पिटलमध्ये खोली दिली. अट त्याची एकच होती, हे हॉस्पिटल नाही, माझं हॉस्टेल समजायचं. हळूहळू आणखी तशीच मुलं तिथं राहायला आली, त्यांनी स्वतःला ‘रोलिंग क्वॉड्स’ म्हणवून घेतलं आणि त्यातूनच १९७२मध्ये स्वतंत्रपणे जगण्यासाठी मदत करणारं केंद्र उभं राहिलं. ज्या सरकारी खात्याने ‘हा कामाचा नाही’ म्हणून त्याला आधी मदत नाकारली होती, त्याच खात्याचा तो पुढे संचालक झाला. पिक्चर काढा राव कुणीतरी!

लांब कशाला, कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ सुरू केलं. त्या स्वतः सोळाव्या वर्षापासून व्हीलचेअरवर. त्यांच्या संस्थेने शिकणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह उभं केलं, कारण गावातून शाळा-कॉलेजच्या गावी आलेलं मूल राहणार कुठं, हा प्रश्न त्यांना आधी कळला होता. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ वाचलं नसेल तर वाचा.

आपल्याकडे संस्था नाही, पण सोसायटी आहे. आणि सोसायटीच्या मीटिंगला आपण जात नाही, हेही खरं. रॅम्पचं गणित सोपं आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फुटांचा उतार पुरतो. पाच पायऱ्या असतील तर मात्र तीस फूट लागतात आणि मग वळण घ्यावं लागतं, मधे थांबायला सपाट जागा लागते. म्हणून हे बिल्डिंग बांधतानाच करायचं असतं. ब्रोकरला फोनवर ‘लिफ्ट आहे का’ विचारू नका, ‘गेटपासून बेडपर्यंत किती पायऱ्या’ विचारा. आणि बाथरूमच्या दाराचा फोटो टेप लावून मागा. ब्रोकर चिडतो. चिडू दे.

भावाची खोली शेवटी सतराव्या ठिकाणी मिळाली. भाईंदर पूर्वेला तळमजला, एक पायरी, दोन रूममेट. एक बँकेत, एक कॉल सेंटरला, दोघांची नाइट-डे शिफ्ट उलटसुलट. बाथरूमचं दार इथंही अरुंद होतं. बँकवाल्याने पहिल्याच रविवारी दार बिजागरीतून काढून माळ्यावर टाकलं आणि जाड पडदा लावला. चौकटीचे दोन-तीन इंच वाचले, खुर्ची आत जाते. मालकाला फोटो पाठवला, त्याने अंगठा दाखवला. पायरी सोसायटीची असल्याने तिथं असं करता येत नाही. रॅम्पचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर आठव्या नंबरला आहे, सातव्याला पार्किंग.