इंजिन उघडण्यापूर्वी

धानाची मळणी आटोपून आधारभूत केंद्रावरचे चुकारे हाती पडू लागले, म्हणजे लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूर या भागांतील मिस्त्र्यांच्या दुकानांपुढे जुन्या मोटारसायकलींची गर्दी होते. आणि वर्षभर कशीबशी किक मारून चालविलेल्या एखाद्या सीडी हंड्रेडचे वा स्प्लेंडरचे ‘हाफ इंजिन’ काढण्याचा फैसला पुष्कळदा तिची कैफियत पुरती ऐकून घेण्यापूर्वीच होऊन जातो. सिलिंडर बोअर करणे, नवा पिस्टन व रिंगा बसविणे, ही कामे आपल्या जागी आवश्यकच आहेत. परंतु दोष कार्बोरेटरच्या तुंबलेल्या स्लो जेटमध्ये असताना ज्याच्या गाडीचा पिस्टन बदलला जातो, त्या शेतकऱ्याच्या हंगामाच्या मिळकतीतून अकारण पैसा जातो, आणि गाडीचे ‘मिसिंग’ मात्र जसेच्या तसे राहते.

वस्तुतः पेट्रोलच्या इंजिनाला योग्य क्षणी पडणारी ठिणगी, हवेशी योग्य प्रमाणात मिसळलेले इंधन आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब, एवढ्या तीनच गोष्टी हव्या असतात. आणि त्यांची शहानिशा इंजिन न उघडता बहुतांशी करता येते. बाहेर काढलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे, कोरड्या काजळीने माखले असेल तर पेट्रोल अधिक जाते किंवा एअर फिल्टर चोंदलेला आहे, तेलाने ओले असेल तर मात्र इंजिनचे तेल जळत आहे. तथापि तेल जळते एवढ्यावरून रिंगा झिजल्या असे ठरविणे हीच ती घाई होय. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू होताच निळसर धूर सोडते आणि थोड्या वेळाने तो विरतो, तेव्हा संशय प्रथम व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. दुधाच्या कॅनांचे ओझे घेऊन मूठ पिळताच धूर वाढत जातो, तेव्हा रिंगांवर. दाब कमी भरला तर आधी टॅपेट तपासावेत, कारण ते अति घट्ट असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून दाब पुन्हा मोजावा. तो वाढला तर गळती रिंगांतून आहे. न वाढला तर व्हॉल्व्हमधून किंवा हेडच्या गॅस्केटमधून. इतक्या अल्प खर्चात इतका निर्णायक पुरावा देणारी दुसरी परीक्षा मला ठाऊक नाही.

एस्कॉर्ट्सची जुनी राजदूत अजून जपणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्या 173 घनसेंटिमीटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला असे व्हॉल्व्हच नसतात. तिथे जोर कमी झाला तर धूर बाहेर जाण्याच्या मार्गात आणि सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन पाहावा, आणि मूठ सोडूनही इंजिन आपोआप वेग घेऊ लागले तर क्रँकच्या सीलमधून हवा शिरत नाही ना, याची खातरजमा करावी. कारण तशीच गाडी दामटली तर पिस्टन जाम होतो.

अलीकडे एक नवे कारण उद्भवले आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते तयार करण्यास अन्न महामंडळाच्या तांदळालाही शासनाने अनुमती दिलेली आहे. म्हणजे आपल्यासारख्या धानपट्ट्याचा या इंधनाशी दुहेरी संबंध आला. इथेनॉल आर्द्रता शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी तळाशी वेगळे होऊ शकते, आणि जुन्या कार्बोरेटरमधील रबरी भाग त्या मिश्रणासाठी घडविलेले नसल्यामुळे फुगण्याचा वा चिरण्याचा संभव असतो. अशा गाडीचे फ्लोट-पात्र तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत रिकामे करावे. पाणी असेल तर खाली स्पष्ट दिसते.

मालकांनी एक तजवीज अवश्य करावी. पावतीवर केवळ बदललेल्या भागांची यादी न घेता, प्लग कसा दिसला, धूर केव्हा येत होता, तेल टाकण्यापूर्वी आणि नंतर दाब किती भरला, हेही लिहून मागावे आणि काढलेला पिस्टन ताब्यात घ्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून दुचाकी दुरुस्तीचे शिक्षण घेतलेले तरुण आता गावोगावी दुकाने थाटत आहेत. त्यांनी दाबमापक घेऊन हा रिवाज आपल्या दुकानापासून सुरू करावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.